दाताची नळी धुताना

मानोरा किंवा रिसोडहून रूट कॅनालसाठी वाशिमला येणारे अनेक रुग्ण ठणका थांबला की पुढची तारीख टाळतात. बसभाडे, बुडणारी मजुरी ही कारणे खरीच आहेत. पण दाताच्या आतले काम अर्धेच झाले आहे, हे त्यांना नीट सांगितलेले नसते.

दाताची नस काढून मुळातली नळी बारीक कानशीने घासली, की भिंतीवर भुशाचा पातळ लेप बसतो. भिंतीतल्या सूक्ष्म छिद्रांची तोंडे त्याने बुजतात आणि आत जंतू दडून राहतात. सोडियम हायपोक्लोराइट जंतू मारते, मेलेली नस विरघळवते. लेपातले कॅल्शियम मात्र तसेच राहते. त्यासाठी १७ टक्के ईडीटीए किंवा सायट्रिक आम्ल वापरतात. ईडीटीए नावाने आम्ल असले तरी दवाखान्यातले द्रावण आंबट नसते. ते कॅल्शियमला पकडून ओढून काढते.

या द्रावणांच्या बहुतेक चाचण्या उपटलेल्या दातांवर होतात. नळी घासून धुतात, दात उभा चिरतात आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. वरचा आणि मधला भाग बहुधा स्वच्छ निघतो, मुळाच्या टोकाशी लेप उरतो. द्रावण तिथे पोहोचतच नाही. म्हणून आम्लाची तीव्रता वाढवण्यापेक्षा सुई पुरेशी खोल जाणे आणि द्रावण आत हलते ठेवणे मोलाचे. ईडीटीए साधारण मिनिटभर पुरते. दहा मिनिटे ठेवल्यास भिंतच झिजते. सायट्रिक आम्ल हायपोक्लोराइटमध्ये मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो, म्हणून मध्ये सलाइनने धुवावे लागते. (घरी दातांवर लिंबू घासणाऱ्यांनी हा प्रयोग समजू नये. त्याने वरचे कवच जाते.)

उपटलेल्या दाताला सूज नसते, लाळ नसते, चुकलेली तारीखही नसते. सूक्ष्मदर्शकाखाली चकचकीत दिसलेली भिंत रुग्णाचा दात किती वर्षे टिकेल हे सांगत नाही. तात्पुरते सिमेंट महिनोन्‌महिने तसेच राहिले तर ते झिजते, लाळ आत शिरते आणि धुतलेली नळी पुन्हा घाण होते.

वाशिमला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. शासकीय दंत महाविद्यालयासाठी मात्र नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. तेवढा प्रवास ज्यांना झेपत नाही, त्यांना एकूण किती खेपा लागतील आणि कायमचे सिमेंट कधी भरले जाईल, हे पहिल्याच दिवशी लिहून दिले पाहिजे.