कान चांगले आहेत, आता वर्ग तपासा



मूल ऐकत नसेल तर आधी कान तपासा आणि कान ठीक असतील तर शिस्त लावा, असा सल्ला आपल्या वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीतल्या लेखात वाचला. याच सल्ल्यापायी आमच्या घरात वर्षभर रडारड चालू आहे. नातवाला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं अवघड करणारा विकार आहे. कानाची तपासणी केली, रिपोर्ट नॉर्मल आला. तो शाळेत दाखवला तर बाई म्हणाल्या, "बघा, ऐकू येतंय ना? म्हणजे मुद्दामच करतो."

तपासणी नकोच, असं माझं म्हणणं नाही. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचून लहान मुलांना कमी ऐकू येतं, ते वेळीच कळायलाच हवं. पण ही तपासणी होते कुठे? आवाजबंद खोलीत. कानाला हेडफोन, एका वेळी एकच 'टुंऽऽ', आणि समोरच्या ताईंचं सगळं लक्ष त्या एकट्या मुलाकडे. आवाज कानापर्यंत पोचतो, एवढंच त्यातून कळतं. दहा आवाजांतून बाईंचा तेवढा धरायचा आणि बाकीचे सोडून द्यायचे हे पुढचं काम मेंदूचं, आणि अशा मुलांचं घोडं तिथेच अडतं. समोर बोलत असतानाही ऐकत नसल्यासारखं वाटणं हे तर या विकाराच्या अधिकृत लक्षणांच्या यादीतच आहे. म्हणजे शिक्षा लक्षणालाच!

शिकवताना वर्गातला इतर आवाज ३५ डेसिबलच्या वर नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्येच सांगून ठेवलंय. पस्तीस! नातवाच्या वर्गात डोक्यावर पंखे खडखडतात, शेजारी पाढे चालू असतात आणि खिडकीखाली रिक्षा स्टँड. फाटकावर 'शांतता क्षेत्र' असा फलक आहे आणि त्याच्याच सावलीत उभं राहून हॉर्न वाजवले जातात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे अशा क्षेत्रात, म्हणजे शाळेभोवती १०० मीटरपर्यंत, दिवसाची मर्यादा ५० डेसिबल. ती पाळली तरी उघड्या खिडक्यांच्या वर्गात ३५ साधणं अवघड. आणि पाळतंय कोण?

परवा एका परिचितांनी व्हॉट्सअॅपवर ज्ञान पाठवलं की अशा मुलांना गोंगाटाचा उलट फायदाच होतो. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००७ मध्ये तसं दाखवलं, हे खरं. पण तो आवाज जुन्या टीव्हीच्या खरखरीसारखा, एकसुरी आणि बिनअर्थाचा होता. शिवाय त्याच प्रयोगात बाकीच्या मुलांची कामगिरी घसरली, हे त्या मेसेजमध्ये नव्हतं. हॉर्न, पाढे आणि मागच्या बाकावरच्या गप्पा यांत ती खरखर कुठली?

मूल पुढच्या बाकावर बसवा, एका वेळी एकच सूचना द्या, ती फळ्यावरही लिहा. याला दमडी लागत नाही. आमच्याकडे मात्र एका दमात "पुस्तकं ठेवा, वह्या काढा, तारीख घाला, चौथा प्रश्न सोडवा" असं येतं, आणि नातू अजून दप्तरातच. बाईंना तरी किती बोलणार? शिक्षण हक्क कायदा प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक सांगतो. या वर्गात जवळजवळ दुप्पट मुलं कोंबली आहेत. फी मात्र दरवर्षी न चुकता वाढते.

त्यात आता गॅदरिंगची तालीम. भर शाळेच्या वेळात मैदानात डीजेच्या भिंती उभ्या आणि वर चौथीचा गणिताचा तास. ज्या संस्थेने शांतता क्षेत्राचा फलक लावून घेतला, तिनेच हे स्पीकर भाड्याने आणलेत.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ गणेशोत्सवात आणि दिवाळीत आवाज मोजतं, आकडे आपल्या पहिल्या पानावर येतात. त्यांच्याकडचं एखादं यंत्र कुठल्याही साध्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता चौथीच्या वर्गात ठेवा आणि तोही आकडा छापा.

— चौथीतल्या मुलाची आजी, डोंबिवली