मानेवरच्या ओझ्याविषयी यवतमाळ जिल्हा परिषदेस खुले पत्र

मा. अध्यक्ष, सन्माननीय सदस्य व मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, यवतमाळ, यांचे सेवेशी



मानेचे दुखणे हा विषय जिल्हा परिषदेच्या सभेपुढे आणण्याइतक्या तोलाचा आहे काय, अशी शंका हे पत्र हाती पडताच आपल्यापैकी काहींच्या मनात उद्भवेल. परंतु दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंतच्या दिवसांत कळंब तालुक्यातील कोणत्याही गावच्या शिवारात जो सकाळपासून दिवेलागणीपर्यंत थांबेल, त्याच्या मनात ती शंका उरणार नाही, अशी माझी खात्री आहे.

पऱ्हाटी फुटली की कापूस वेचणारी बाई कमरेला ओटी बांधून तास, म्हणजे पऱ्हाटीची ओळ, धरते. बोंडे झाडाला खालपासून वरपर्यंत लागलेली असतात, त्यामुळे नजर खाली, मान पुढे झुकलेली आणि दोन्ही हात खांद्यांपासून पुढे ताणलेले, अशा एकाच स्थितीत तिचे तासचे तास जातात. ओटी भरत येते तसतशी ती कमरेला ओढू लागते. बांधावरच्या गाठोड्यात ती रिकामी करावयाची आणि पुन्हा तासाला लागावयाचे. मजुरी किलोवर ठरलेली असल्यामुळे मान सरळ करण्यासाठी थांबलेला प्रत्येक क्षण तिच्या कमाईतून वजा होतो, आणि ही गोष्ट तिला कोणी समजावून सांगावी लागत नाही. सायंकाळी तेच गाठोडे डोक्यावर घेऊन ती काट्यापाशी येते, वजन होईतो उभी राहते, घरी गेल्यावर पाण्याचा गुंड उचलते, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर एवढेच म्हणते, की मान धरली. सकाळी ती पुन्हा तासावर हजर असते, म्हणून तिचे दुखणे कोणत्याही दफ्तरी रुजू होत नाही.

मनुष्याचे मस्तक साधारणतः साडेचार ते पाच किलो वजनाचे असून ते सात लहान मणक्यांच्या स्तंभावर तोललेले असते. भरलेली बादली अंगाशी धरणे आणि हात लांब करून धरणे यांत जो फरक आहे, तोच मस्तक सरळ ठेवणे आणि पुढे झुकवून ठेवणे यांत आहे. झुकलेले मस्तक सावरण्याचे सारे काम मानेमागील स्नायूंवर पडते, आणि विश्रांतीवाचून तासन्‌तास आकुंचित राहिलेले स्नायू अखेर आखडतात. डोक्यावरील ओझ्याने मणक्यांवर व त्यांच्यामधील चकत्यांवर सरळ दाब येतो, तो निराळाच. दक्षिण आफ्रिकेतील लिम्पोपो प्रांतात पाणी वाहणाऱ्यांची जी पाहणी झाली, तीतही डोक्यावरील भार व मानेची वेदना यांचा संबंध आढळून आला. आपल्या स्त्रियांच्या बाबतीत मात्र हे दुखणे वयाच्या किंवा नशिबाच्या खाती जमा करण्याची वहिवाट पडून गेली आहे.

श्रमामुळे आलेल्या या वेदनेत भयाची भर पडते, आणि माझ्या मते अधिक नुकसान या भयानेच होते. प्रथम कोणा चोळणाऱ्याकडून मान मोडून घ्यावयाची, तेवढ्याने भागले नाही तर कोठे तरी सुई टोचून घ्यावयाची, नंतर एसटीने यवतमाळ गाठून एक्स-रे काढावयाचा, आणि ‘मणक्यात गॅप आहे’ हे वाक्य व गळ्यातला पट्टा घेऊन परत यावयाचे, असा या दुखण्याचा ठरलेला प्रवास आहे. त्या वाक्याने धसका घेतलेली आमच्या आळीतील एक गृहिणी मान हलवली तर लकवा होईल या समजुतीने महिनोन्‌महिने पट्टा लावून बसली, आणि अखेरीस मूळच्या वेदनेपेक्षा मानेचा अशक्तपणाच तिला अधिक जाचू लागला.

वस्तुतः साठी गाठलेल्या बहुसंख्य माणसांच्या एक्स-रेमध्ये मणक्यांची झीज दिसते, आणि त्यांपैकी पुष्कळांची मान कधी दुखलेलीही नसते. साधे मानेचे दुखणे बहुधा काही आठवड्यांत उतरते, मात्र त्यासाठी मान सोसेल तितकी हालती ठेवावी लागते. कोमट शेक द्यावा. मान सावकाश दोन्ही बाजूंस वळवावी. तळहात कपाळावर ठेवून मस्तक न हलवता त्यावर दाब द्यावा, आणि तसाच दाब मागून व दोन्ही कानांच्या वरून द्यावा. खांद्यांची पाती मागे जवळ आणून काही क्षण धरावीत. पट्टा फार काळ वापरू नये, आणि मानेला झटका देऊन कडकड वाजविणाऱ्याच्या हाती तर ती कदापि देऊ नये, कारण मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या तेथूनच जातात. उलटपक्षी हाताची पकड सैल पडणे, बोटे बधिर होणे, चालताना तोल जाणे, लघवीवरील ताबा सुटणे, ताप येणे, वजन घटणे, किंवा पडल्याझडल्यानंतर मान दुखू लागणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर घरगुती उपायांत एक दिवसही न दवडता इस्पितळ गाठले पाहिजे. एवढी माहिती एका आशाताईला एका दुपारी शिकविता येईल, आणि तिच्यामार्फत ती प्रत्येक घरी पोहोचेल.

हे पत्र मंत्रालयाकडे न धाडता आपणांस लिहिण्याचे कारण असे, की मानेवर येणारी बहुतेक सारी ओझी आपल्याच निरनिराळ्या विभागांच्या अखत्यारीत आहेत. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये, असा शासन निर्णय जुलै २०१५ मध्ये निघाला. त्याची अंमलबजावणी शिक्षण विभागाने करावयाची. गुंड डोक्यावरून उतरवावयाचा तर नळाला पाणी आले पाहिजे, ते पाणीपुरवठा विभागाचे काम. सोळा लिटरचा फवारणी पंप भरला म्हणजे वीस किलोच्या घरात जातो. २०१७ मध्ये कीटकनाशके फवारताना झालेल्या विषबाधेनंतर या जिल्ह्यात हातमोजे व मुखवटे यांविषयी पुष्कळ बोलले गेले, ते योग्यच झाले, परंतु तो पंप ज्या पट्ट्यांनी खांद्यात रुतून बसतो त्यांचा विचार कृषी विभागाने अद्याप करावयाचा आहे. आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे तर आपलीच आहेत. लोकशाही विकेंद्रीकरणाचा अहवाल ज्यांच्या अध्यक्षतेखाली सिद्ध झाला ते वसंतराव नाईक याच जिल्ह्यातील गहुलीचे. त्याच अहवालाला अनुसरून १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या त्या, रयतेची गरज जेथे उत्पन्न होते तेथेच तिचा निर्णय व्हावा, या हेतूने. वेचणाऱ्या बाईच्या मानेइतकी जवळची गरज दुसरी कोणती दाखवावी?

माझी दरखास्त फार खर्चाची नाही. कळंब तालुक्यातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्यातून एक दिवस भौतिकोपचार तज्ज्ञ येईल अशी तजवीज करावी. त्याकामी शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सावंगी मेघे येथे जे भौतिकोपचाराचे महाविद्यालय आहे त्याच्याशी पत्रव्यवहार करून साहाय्य मागावे. बाह्यरुग्ण नोंदवहीत मानेच्या दुखण्यासोबत रुग्णाचा व्यवसाय लिहिला जावा, म्हणजे दोन हंगामांत आपणांस आपलेच आकडे मिळतील. ग्रामपंचायतींमार्फत शेतमालकांना अशी विनंती जावी, की गाठोडी लहान बांधावीत, बांधावरून काट्यापर्यंत ती बैलगाडीने न्यावीत, आणि तासाभराच्या वेचणीमागे पाच मिनिटे मान-खांदे मोकळे करण्याची सवलत, तेवढ्या वेळाची मजुरी धरून, द्यावी. ही शेवटची सूचना मालकवर्गास जड वाटेल हे मी जाणतो. मी स्वतः शेतकरी कुटुंबातील असून कापसाच्या भावाची रडकथा मला परकी नाही. तरीही वेचणीचा सारा भार ज्या मानेवर आहे, तिच्या पाच मिनिटांचा हिशेब मालकाने सोसावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

यंदाचा पहिला वेचा दसऱ्याच्या सुमारास निघेल. त्यापूर्वीच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा, आणि तालुक्यातील आशाताईंचे एक दिवसाचे शिक्षण तरी त्याआधी उरकावे, इतके मागून हे पत्र पुरे करतो.



आपला नम्र,
कळंब येथील एक निवृत्त शिक्षक