दुबार नावे काढून टाकली म्हणे!

"दुबार नावे संगणकाने आपोआप काढली", हे वाक्य हल्ली फार कौतुकाने सांगितले जाते. मला त्याचा राग येतो. पस्तीस वर्षे मी वर्गाची हजेरी घेतली. आमच्या सालवड-बोईसर पट्ट्यात पाटील आणि राऊत इतके, की एकाच तुकडीत नाव-आडनाव सारखी असलेली दोन मुले बसत. बापाचे नाव लिहिले की वेगळी. त्यातला एक 'दुबार' म्हणून पटावरून उडवला असता तर?

माझा भाचा डेटाबेसचे काम करतो. त्याच्याकडून हे प्रकरण मी नीट समजून घेतले. वेगवेगळ्या तक्त्यांतून वेगवेगळ्या क्वेरींनी ओळी काढायच्या, एकत्र जोडायच्या आणि स्टोअर्ड प्रोसिजरमधल्या कर्सरला एकेक करून द्यायच्या. जोडणारे शब्द दोन, 'युनियन' आणि 'युनियन ऑल'. पहिला तंतोतंत सारख्या ओळींपैकी एकच ठेवतो, बाकीच्या गुपचूप टाकतो. दुसरा सगळ्या ठेवतो. आता ओळीत फक्त नाव आणि गाव मागितले, तर दोन माणसांचा एक माणूस होतो आणि कुठेही चूक दिसत नाही. उलट एका यादीत 'राऊत' आणि दुसरीत 'राउत' असेल, तर एकाचेच दोन होतात. म्हणजे ज्यासाठी युनियन लावले तेही साधत नाही!

2017 ची शेतकरी कर्जमाफी आठवा. एकीकडे शेतकऱ्यांचे ऑनलाइन अर्ज, दुसरीकडे बँकांनी दिलेली कर्जखात्यांची माहिती. दोन्ही जुळवून 'ग्रीन लिस्ट' काढायची होती. ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या मुहूर्तावर प्रमाणपत्रे वाटली गेली, आणि मग याद्यांतला घोळ बाहेर आला. एकाच आधार क्रमांकापुढे अनेक शेतकरी! त्यात दीड लाखाची मर्यादा कुटुंबाला, आणि बँकेतले खाते मात्र माणसाचे. कुटुंब कोणत्या रकान्यात शोधायचे? न जुळलेले अर्ज शेवटी तालुक्याच्या समित्यांकडे, म्हणजे माणसांकडेच गेले.

कर्सर सावकाश चालतो, तो टाळावा, असे जाणकार म्हणतात. नुसती बेरीज करायची असेल तर खुशाल टाळा, तिथे त्यांचे बरोबर आहे. पण कुणाचे नाव ठेवायचे आणि कुणाचे काढायचे हे ठरत असेल, तर युनियन ऑल लावा. प्रत्येक ओळ कोणत्या यादीतून आली ते एका रकान्यात लिहा, खाते क्रमांक सोबत ठेवा. मग कर्सर ओळीओळीने फिरवून संशयित जोड्या वेगळ्या तक्त्यात काढा आणि सही करणाऱ्या माणसासमोर ठेवा.

आपला सातबाराच बघा ना. नमुना 7 मालकीचा, नमुना 12 पिकांचा. एका कागदावर आले, पण जोड गट क्रमांकाची, नावाची नव्हे. आणि कोणती माहिती कोणत्या नमुन्यातली, हे डोळ्यांना दिसते.

भाचा म्हणतो, "मामा, यादी लाखांची असली तर हे रात्रभर चालेल."

चालू दे की! अर्ज करणारा रांगेत दिवसभर उभा होताच.