बशीभर दूध

दिवाळी आली की मला फराळाच्याही आधी आमची मनी आठवते. वाईच्या जुन्या घरी ती सदा आईच्या पायांत घोटाळायची. १९९० च्या नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान उरकताच मी मागच्या अंगणात लवंगी फटाक्यांची अख्खी माळ लावली. मनी कौलांवरून गेली ती गेलीच!

आई मला एका शब्दाने बोलली नाही. तुळशीच्या लग्नापर्यंत रोज तिन्हीसांजेला ओट्यावर बशीभर दूध मात्र ठेवीत राहिली. सकाळी ते तसेच असे. त्यापेक्षा ती रागावती तर बरे झाले असते!

माणसाला सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचा नाद ऐकू येतो, मांजराला ६०,००० च्याही पुढचा. अंधारात उंदराची चाहूल टिपणारे ते कान! हे मी पुढे केव्हातरी वाचले. आईला ते न वाचताच ठाऊक असावे.

गेल्या दिवाळीत माझ्या धाकटीने विचारले, "आजी, बाबा फटाके का गं आणत नाहीत?"

मी मान खाली घातली.

"त्याच्या कानांना सोसत नाहीत हो," आई म्हणाली नि दुधाची बशी घेऊन जिन्याखाली दडलेल्या शेजारच्या बोक्याकडे गेली.