ट्यूबच्या आधी कापड

उन्हाळा आला की जाहिराती आपल्याला क्रीमच्या ट्यूबकडे नेतात. भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावात मला मात्र आधी कापड आठवते. ताणा-बाणा जितका घट्ट, तितके अतिनील किरण कमी झिरपतात. कापड उजेडासमोर धरून पाहावे, ही घरगुती, ढोबळ कसोटी. गडद, सैल शिवलेला सुती सदरा चांगला. विरळ विणीचा किंवा घामाने भिजलेला कमी राखतो.

क्रीमवरचा ‘एसपीएफ’ हा आकडा मुख्यतः त्वचा भाजणाऱ्या ‘बी’ किरणांचा. १५ आकड्याचे क्रीम सुमारे ९३ टक्के किरण अडवते, ३० चे सुमारे ९७ टक्के. आकडा दुप्पट म्हणून संरक्षण दुप्पट नव्हे. सुरकुत्या आणणाऱ्या ‘ए’ किरणांसाठी वेष्टनावर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ हे शब्द पाहावेत. शिवाय उन्हात दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे लागते.

गोदामांसमोर भर दुपारी ट्रक रिकामे करणाऱ्या हमालाला हे कसे परवडावे? त्याला पूर्ण बाह्यांचा सदरा, रुंद काठाची टोपी आणि माल उतरवायच्या जागी छप्पर मिळावे. ही जबाबदारी मालकाची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. जे गाव देशासाठी कापड विणते, तिथल्या कष्टकऱ्याची पाठ उघडी राहू नये.