भोक छताला, ठिगळ कागदाचे

दिवाळीतल्या विजेच्या माळा उतरल्या की मागे खिळ्यांची भोके उरतात. विटांच्या भिंतीला असे भोक पडले, तर चिमूटभर सिमेंट ओले करून बोटाने दाबले म्हणजे भागते. पण हल्ली पुष्कळ ब्लॉकांतून छत जिप्सम बोर्डाचे असते. कचेऱ्यांतून मधल्या भिंतीही त्याच्याच असतात. तिथे ही युक्ती चालत नाही. बोर्डाच्या मागे पोकळी असते. दाबलेला गोळा पलीकडे तरी पडतो, नाही तर चार दिवसांनी निखळून खाली येतो.

असे का होते हे समजले, म्हणजे दुरुस्ती अवघड वाटत नाही. मध्ये जिप्समचा थर आणि दोन्ही अंगांना जाड कागद, अशी या बोर्डाची घडण. छताला सर्रास वापरतात त्या बोर्डाची जाडी साडेबारा मिलिमीटर. आतला जिप्सम ठिसूळ, नखानेही कोरला जाईल असा. ताण सोसतो तो कागद. म्हणून मी नेहमी सांगतो, की भोक बुजवण्यापेक्षा फाटलेला कागद जोडण्याकडे लक्ष द्यावे.

खिळ्याचे भोक असेल, तर कडेला वर आलेला कागद सुरीने कापावा, कडा किंचित आत दाबावी आणि रंगाच्या दुकानात मिळणारे जॉइंटिंग कंपाउंड पट्टीने ओढावे. वाळले की खळगा पडतो. तेव्हा दुसरा हात द्यावा. भोक रुपयाएवढे असेल, तर आधी त्यावर जाळीची चिकटपट्टी फुलीसारखी लावावी आणि वर कंपाउंडचे दोन-तीन पातळ हात द्यावेत. एकदम जाड थर दिला तर तडे जातात.

तळहाताएवढ्या भोकाला मात्र ठिगळच हवे. भोक झाकेल असा चौकोन नव्या बोर्डाच्या पाठीवर आखा आणि त्याहून चारी बाजूंनी दोन इंच मोठा तुकडा कापा. आखलेल्या रेघांवर पाठीकडून सुरी चालवून कडेचा जिप्सम मोडून सोलून काढा. पुढचा कागद शाबूत ठेवा. आता मध्ये ठोकळा आणि भोवती कागदाची झालर असे ठिगळ तयार झाले. भोक ठोकळ्याच्या मापाने चौकोनी करा, भोवती कंपाउंड माखा, ठोकळा बसवा आणि झालर पट्टीने आतून बाहेर दाबत न्या. वाळल्यावर पुढचे हात झालरीच्या बाहेर वीतभर पसरून द्या, म्हणजे उंचवटा दिसणार नाही. याहून मोठे भोक असेल, तर मागे लाकडी पट्टी बसवावी लागते. ते काम सुताराला सांगावे.

छत कापण्यापूर्वी मेन स्विच बंद करा आणि बॅटरीच्या उजेडात आत डोकावून पाहा. दिव्यांच्या तारा वरूनच गेलेल्या असतात. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क विसरू नका.

आणखी एक गोष्ट. भोकाभोवती तपकिरी डाग असेल किंवा बोर्ड बोटाने दबत असेल, तर कंपाउंडचा डबा उघडूच नका. वर पाणी झिरपते आहे, आणि ओला बोर्ड मऊ होऊन जड होतो. आमच्या ओळखीच्या एका घरी असा डाग दोनदा रंगाखाली झाकला. भर पावसाळ्यात एका रात्री तेवढा तुकडा स्वयंपाकाच्या ओट्यावर कोसळला. ओट्यापाशी कोणी नव्हते, एवढेच नशीब! आधी गळती थांबवावी, मऊ भाग कापून काढावा, उरलेले पूर्ण वाळू द्यावे, मगच ठिगळ लावावे. तसेच, ठिगळ कितीही घट्ट बसले तरी बोर्डाला पंखा टांगू नये. पंख्याचा हूक वरच्या स्लॅबलाच हवा.

शेवटी बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा. कागद मात्र खरवडू नका. मग दिवा बाजूने धरून पाहा. सावली पडली तर अजून घासायला हवे. पडली नाही, तर प्रायमरचा एक हात आणि त्यावर रंग. प्रायमर टाळलात, तर ठिगळ रंग जास्त शोषते आणि पाहुण्यांना नेमकी तीच जागा दिसते.