काटा काय सांगतो?

जुनी बुलेट सकाळी किकला दाद देईनाशी झाली की निदान आधीच ठरलेले असते : बॅटरी गेली, कॉइल बदला. तेवढ्याने भागले नाही, तर ‘आता गाडीच काढून टाका’ हा सल्ला. या उतावीळपणाला माझा ठाम विरोध आहे. तपासल्यावाचून सुटे भाग बदलणे हा मालकाच्या खिशावर खेळलेला जुगार होय.

वास्तविक पॉइंटवर चालणाऱ्या बुलेटचे दुखणे तिच्या हेडलाइटवरील अ‍ॅमीटरच सांगतो. दिवे बंद ठेवून चावी फिरवावी आणि किक सावकाश दाबावी. पॉइंट मिटले की काटा उणेकडे कलतो, उघडले की मध्यावर परततो. तसे घडले, तर बॅटरीपासून पॉइंटपर्यंतची वाट मोकळी आहे. काटा ढिम्म राहिला, तर बॅटरीची टोके, फ्यूज, गंजलेली अर्थिंगची जोडणी व तेलकट पॉइंट पाहावेत. उणेकडेच खिळला, तर पॉइंट उघडत नाहीत किंवा तार कोठे तरी सांगाड्याला टेकली आहे. पॉइंटमधील फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावी. एवढे होऊनही प्लगवर ठिणगी नसेल, तरच प्लग, कंडेन्सर आणि शेवटी कॉइलवर संशय घ्यावा.

‘मिस्त्रीला एवढी सवड कुठली?’ असे कोणी म्हणेल. या परीक्षेला पाच मिनिटेही लागत नाहीत. नवा भाग आणण्यापूर्वी काटा दाखवा, असा आग्रह मालकांनीच धरला पाहिजे. अन्यथा धडधाकट गाड्या भंगारात जातील आणि पारख करणारे हातही त्यांच्यामागून नाहीसे होतील.